बनूबाईनं न पुरलेली वार

अंजनाचं दुसरं बाळंतपण माघात झालं, दिवसाउजेडी, बाराच्या सुमाराला. पोरगा झाला. दिवस पुरे भरलेले, कळा रीतसर आलेल्या, डोकं आधी. कुठं काही अडलं नाही. तरी हातात आलेलं बाळ बनूबाईला बरोबर वाटलं नाही. एवढंसं पोर. कातडी म्हाताऱ्यासारखी सुरकुतलेली, मांड्यांवर मांस म्हणून नाही, आणि डोळे मात्र टक्क उघडे.

"चांगलं हाय. लेकरू चांगलं हाय," बनूबाई म्हणत राहिली. बाळंतिणीपुढं दुसरं काही म्हणायचं नसतं.

दोन वर्षांपूर्वी, चौऱ्याहत्तर साली, याच खोलीत अंजनाचं पहिलं बाळ असंच आलं होतं आणि आठवडा संपायच्या आत गेलं होतं.

बनूबाई कुंडलची सुईण. हे काम तिला सासूनं शिकवलं. सासू जाऊन पंधरा वर्षं झाली होती, पण तिची एक शिस्त बनूबाईनं कधी मोडली नव्हती. बाळामागून वार पडली की ती तशीच गाडग्यात घालून पुरायची नाही. नाळेच्या दुसऱ्या टोकाचा तो मांसाचा गोळा परातीत पसरायचा, पाणी ओतून धुवायचा, बोटांनी चाचपून बघायचा. एखादा तुकडा आत राहिला असेल तर बाई हातची जाते. पंचवीस वर्षं बनूबाई एवढंच बघत आली होती, पुरी आहे की तुटकी.

त्या दुपारी तिनं अंजनाची वार धुतली. पुरी होती. पण नेहमीची वार भाकरीएवढी, जाडजूड, हाताला स्पंजासारखी लागणारी. ही तिच्या तळव्यात मावत होती. लालभडक मांसात जागोजागी पांढरे कडक चट्टे होते आणि त्यांवरून बोट फिरवलं की वाळू लागल्यासारखं कचकचत होतं. बनूबाई परातीवर वाकून बसली ती उठेचना. पहिल्या वेळी पण हे चट्टे होते. तेव्हा तिनं ते बघितले होते आणि वार पुरी आहे म्हणून गाडग्यात टाकून दिली होती.

अंजना काही उपाशी नव्हती. तिच्या सासऱ्यांचं, हंबीररावांचं घर खाऊनपिऊन सुखी होतं. मळ्यात ऊस, दावणीला दोन म्हशी. अंजनाची सासू अंबूबाई तोंडाची फटकळ, पण खायला घालायला तिचा हात आखडता नसायचा. अंजनाचा नवरा लालासाहेब पलटणीत, तिकडं लांब सरहद्दीवर. त्याच्या माघारी सुनेची आबाळ झाली असं कुणी म्हणू नये म्हणून अंबूबाई रोज समोर बसून पोरीला तूपभात खायला लावायची. मग ते खाल्लेलं गेलं कुठं? पोरीचे गाल तर भरलेले होते. बाळाच्याच अंगावर काही नव्हतं.

या प्रश्नानं बनूबाईचं डोकं धरलं.

आदल्याच महिन्यात गावच्या नर्सबाईनं, विजयमालानं, आसपासच्या सुइणींना आठ दिवस सांगलीला शिकायला नेलं होतं. ब्लेड उकळायचं कसं, दोरा बांधायचा कुठं, हात कोपरापर्यंत का धुवायचे, ते सगळं तिथं सांगितलं. शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई चंदनबाला नावाच्या होत्या. शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "काही वेगळं दिसलं तर मनात ठेवू नका. माझ्याकडं या." बाकीच्या सुइणी हसून उठल्या. बनूबाईनं ते खरं धरलं होतं.

अंबूबाईनं हळदकुंकू दिलं, गाडगं दिलं आणि परसात पेरूच्या झाडाखाली जागा दाखवली. बनूबाईनं खड्डा खणला. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिनं वार मीठ घातलेल्या जरमनच्या, ॲल्युमिनियमच्या डब्यात टाकली, डबा जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळला आणि रिकामं गाडगं खड्ड्यात ठेवून वर माती लोटली. घाईघाईत कुंकू सगळं एका कडेला सांडलं. वार दुसऱ्याच्या हाती लागली की त्या लेकरावर काय काय करता येतं, हे गावातलं पोरसोर सांगत असे. आणि ती कुणाच्या हाती जाऊ नये म्हणून तर सुईण असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती सांगलीला निघाली. वाट तिला नवी नव्हती. तिचा मुलगा कुपवाडला एका कारखान्यात कामाला होता, त्याच्याकडं तिचं जाणंयेणं असायचं. पण त्या दिवशी वाट सरता सरेना. डबा मांडीवर. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय वो त्यात?"

"आवशीद."

"कशावरचं?"

"बाळंतिनीचं," बनूबाई म्हणाली आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

डॉक्टरीणबाईंनी डबा उघडला तेव्हा दारातली आया नाकाला पदर लावून बाहेर पळाली. चंदनबालाबाईंनी मात्र डबा जवळ ओढला. त्यांनी वार धुतली, ताटलीत ठेवली आणि सुरीनं उभी चिरली. आत पांढरं, वाळलेलं, कुठं पिवळसर दिसत होतं.

"हे बघा. एवढा भाग मेलेला आहे," त्या म्हणाल्या. "बाळ पोटात असताना इथून रक्त वाहतच नव्हतं."

"म्हंजे?"

"पोटातलं मूल श्वास घेत नाही, जेवत नाही. त्याचं सगळं ही वार करते. आईचं रक्त एका बाजूनं येतं, बाळाचं दुसऱ्या बाजूनं. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. मध्ये पातळ पडदा असतो, त्याच्यातून खाणं, हवा, सगळं बाळाकडं जातं. त्याची घाण आईकडं येते. आता ही वार एवढीशी आणि तीही अर्धी मेलेली. आईनं ताटभर खाल्लं तरी बाळाच्या वाट्याला घासभरच येणार. मग ते वाढणार कसं?"

बनूबाई ताटलीकडं बघत राहिली. "पर आईच्या अंगातनं वार आशी वंगाळ का व्हती, बाई?"

"वार आई करत नाही, बनूबाई. ती बाळाचीच असते. त्याच्याच बीजातून ती त्याच्याबरोबर उगवते. आईनं फक्त तिला रक्त द्यायचं." त्यांनी सुरी खाली ठेवली. "रक्त कमी पडायची कारणं पुष्कळ. रक्तदाब वाढतो, अंगात रक्त कमी असतं. पुष्कळदा कारण कळतही नाही. या बाई तंबाखू खातात का? मिश्री?"

बनूबाईनं ओठ मिटून घेतले. तिचे स्वतःचे दात कोळशासारखे काळे होते.

"लावती," ती म्हणाली.

"किती वेळा?"

"पाच-सा येळा."

"तंबाखूनं रक्ताच्या नळ्या आवळतात. मिश्रीनंच असं झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण पुढच्या खेपेला पहिल्या दिवसापासून बंद करा म्हणावं. आणि ते बाळ आत्ताच्या आत्ता इकडं आणा. त्याला ऊब पाहिजे, तासातासाला दूध पाहिजे. घरी जगणं अवघड आहे."

बनूबाई धावतच स्टँडवर आली. एसटीत बसल्यावर मात्र तिला मिश्रीचं आठवलं. मिश्री अंजनाच्या माहेरची नव्हती. मलकापूरची पोर, सातवीपर्यंत शिकलेली, दात शुभ्र घेऊन कुंडलला नांदायला आली होती. पहिल्या खेपेच्या तिसऱ्या महिन्यात तिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. तेव्हा बनूबाईनंच कमरेची डबी काढली होती, चिमूटभर काळी पूड तिच्या तळहातावर घातली होती आणि म्हणाली होती, "जरा दातास्नी लाव पोरी. मळमळ बसंल." मळमळ बसली. डबी मात्र सुटली नाही. अंबूबाई दर आठवड्याला तव्यावर तंबाखू भाजायची. त्यातली अर्धी आता सुनेला लागायची.

ती गावात पोचली तेव्हा हंबीररावांच्या दारात माणसं जमली होती. बाळ दुपारीच गेलं होतं. कुत्र्यांनी पेरूखालची माती उकरली होती आणि फुटलेलं गाडगं अंगणात पडलं होतं. अंबूबाईनं तिला लांबूनच बघितलं.

"गाडगं रिकामं कसं गं, बने? वार कुठं हाय?"

"आक्का, सांगलीला नेली व्हती. डाक्टरीनबाईस्नी दावाय."

"माज्या नातवाची वार तू एष्टीतनं नेलीस?" अंबूबाईचा आवाज फाटला. "नेलीस तितं, आन् हितं त्यानं जीव सोडला! काय केलंस गं तिचं? कुनाला दिलीस?"

बनूबाई काही तरी बोलू लागली. वार लहान होती, रक्त पोचत नव्हतं. गर्दीतून कुणीतरी थुंकलं. हंबीरराव ओट्यावरून उठले. ते कधी आवाज चढवायचे नाहीत, आताही चढवला नाही.

"बनू, ह्या उंबऱ्याच्या आत पुन्ना पाय ठिवायचा न्हाई."

आतल्या खोलीत अंजना पडलेली होती, सगळं ऐकत होती. मिश्रीचं तेवढं बनूबाईच्या तोंडून निघालं नाही. ते सांगायचं तर ती कुणी दिली तेही सांगावं लागलं असतं.

त्या दिवसापासून तिला स्वस्थता म्हणून राहिली नाही. मिश्रीची डबी तिनं दुसऱ्याच दिवशी विहिरीत भिरकावली. चार दिवस डोकं ठणकलं, जबडा दुखला, आणि हात आपोआप कमरेला जाऊन रिकामे परत येत. घरात बसवेना म्हणून वेशीपर्यंत जायची, तिथं काय काम हे न आठवून परत फिरायची. हंबीररावांच्या आळीतून तिला बोलावणं येणं बंद झालं. इतर घरांतून मात्र येत राहिलं, कारण अडलेल्या बाईला दुसरं कोण होतं! तिथं आता तिची नजर वारेवरच. पुरी आहे का हे बघून झालं तरी ती परातीपासून हलत नसे. किती मोठी, किती जाड, चट्टे किती, बाळ किती वजनाचं. आणि बाळंतीण जरा सावरली की विचारायची, "मिश्री लावतीस? दिसातनं कितीदा?"

उत्तरं सरळ येत नव्हती. एका बाईनं दिवसातून दहा वेळा मिश्री लावून नऊ पौंडाचं बाळ काढलं, वार परातभर. दुसरीनं जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. तिचं बाळ मुठीएवढं झालं. बनूबाईला राग यायचा. कुणावर, ते तिलाही सांगता आलं नसतं. एकदा तिला वाटायचं, माझा काही दोष नाही; डॉक्टरीणबाई पण शपथेवर सांगत नव्हत्या. की लगेच अंजनाचा पांढरा तळहात आणि त्यावरची काळी चिमूट डोळ्यांपुढं यायची. पण मोजता मोजता एक तिच्या ध्यानात आलं. मिश्री लावणाऱ्यांची बाळं बहुतेक करून हलकी होती. सगळी नाही. बहुतेक.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात ती विजयमालाकडं उपकेंद्रात दोरा आणि साबण आणायला गेली. बाकावर अंजना एकटीच बसली होती. पाचवा महिना. धनुर्वाताच्या सुईसाठी तिला सासूनं पाठवलं होतं. बनूबाई मागं फिरली, तोच अंजना बोलली.

"बनूमावशी, वार कशाला नेली व्हती तुमी?"

दोन वर्षांत पोरीला हे कुणी विचारू दिलं नव्हतं. बनूबाई तिच्या शेजारी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. ताटली, सुरी, पांढरे चट्टे, रक्त न पोचणं. शेवटी मिश्री आली.

"आन् ती तुला म्याच दिली व्हती, पोरी. तुज्या हातावर म्याच घातली."

अंजना आपल्या तळहाताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आत्याबाई दोन वरसं मला म्हनत्यात, तुजी कूसच वाईट. देवरशी झाला, गंडं झालं, उपास झालं. तुमाला हे ठावं व्हतं, आन् तुमी गप ऱ्हायलासा?"

"व्हय."

"गप ऱ्हायलासा!"

"व्हय गं. ऱ्हायले."

अंजना उठली आणि सुई न घेताच निघून गेली.

आठ दिवस बनूबाई रोज काही ना काही निमित्त काढून उपकेंद्रात जात होती. विजयमाला वैतागली. "मावशी, कितीदा साबण नेताय?" नवव्या दिवशी अंजना दारात दिसली. चेहरा उतरलेला, डोळे तांबारलेले.

"सोडली," ती म्हणाली. "डोकं फुटतंय निसतं. आत्याबाईंच्या तव्याचा वास आला की रडू येतंय."

"येऊ दे. चार दिसानं उतरंल. मला बी आलं व्हतं."

"तुमी बी सोडली?"

बनूबाईनं मान हलवली. अंजनानं तिच्या दातांकडं बघितलं. ते काळेच होते, ते काही पांढरे व्हायचे नव्हते. मग ती बाकावर बसली.

मग दर पंधरा दिवसांनी अंजना उपकेंद्रात यायची, सासूला सांगून की नर्सबाईनं बोलावलंय. विजयमाला रक्तदाब बघायची, लोहाच्या गोळ्या द्यायची. बनूबाई सुतळी घेऊन बसायची. ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंत सुतळी धरायची आणि तिथं गाठ मारायची. पुढच्या खेपेला गाठ किती पुढं सरकली ते बघायचं. पोट वाढतंय म्हणजे आतलं मूल वाढतंय. सहाव्यात गाठ सरकली, सातव्यातही सरकली. बनूबाईला पहिल्यांदाच जेवण गोड लागलं.

आठव्यात सुतळी धरली आणि गाठ होती तिथंच आली. बनूबाईनं पुन्हा धरली. तिथंच. पंधरा दिवसांनी परत बघितलं तरी तिथंच. विजयमालानं वही पुढं ओढली, आकडे बघितले.

"मिश्री तर सोडली व्हती," अंजना घाबरून म्हणाली. "खरंच सोडली व्हती, मावशी."

"ठावं हाय मला."

विजयमालानं घरी निरोप पाठवला, सांगलीला नेऊन दाखवा. अंबूबाईनं निरोप घेऊन आलेल्या बाईला वाटेला लावलं. आठव्या महिन्यात परवास कोण करतं? आणि पोरगी बाळंत तर घरातच होणार होती, या खेपेला तुपारीहून दुसरी सुईण सांगून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनूबाई हंबीररावांच्या अंगणात जाऊन उभी राहिली, उंबऱ्यापासून चार पावलं लांब. हंबीरराव बैलाच्या शिंगांना तेल लावत होते. अंबूबाई बाहेर आली आणि थबकली.

"हिला कुनी बोलावलं?"

"कुनी न्हाई, आक्का. आबा, मी उंबरा वलांडत न्हाई. हितनंच सांगते." बनूबाई हंबीररावांकडं बघून बोलत होती. "सूनबाईच्या पोटातलं लेकरू म्हैनाभर वाढलेलं न्हाई. आत त्याला पोचंना झालंय. दिस भरूस्तवर थांबलासा तर मागल्यावानीच व्हईल, न्हाईतर पोटातच जाईल."

"वार चोरून नेनारी तू!" अंबूबाई पुढं आली. "आन् आता हिच्या पोटात डोकावून बघाय लागलीस?"

"नेली, चोरून नेली. लपवत न्हाई. आनि आजून एक आईका. ह्या पोरीला मिश्रीची सवं मी लावली. मळमळ बसावी म्हनून. त्यानं वार बिघाडती आसं डाक्टरीनबाई म्हनत्यात. न्हाई बी आसंल. पर तिची कूस वाईट न्हाई, आक्का. तिला बोल लावू नगासा. लावायचा तर मला लावा."

अंबूबाईच्या कमरेला डबी होती. तिचा हात तिकडं गेला आणि तिथंच राहिला. हंबीरराव तेलाची वाटी हातात धरून उभे होते. तेवढ्यात अंजना दारात आली. सासऱ्यासमोर ती आजवर कधी मान वर करून बोलली नव्हती.

"मामंजी, मी जानार हाय," ती म्हणाली. "तुमी न्हाई न्हेलं तर चालत जाईन."

हंबीररावांनी वाटी खाली ठेवली. साखर कारखान्याच्या एका ओळखीच्या माणसाची जीप होती. तिच्यासाठी त्यांनी माणूस पिटाळला. जीप आली तेव्हा सगळ्यांच्या आधी अंबूबाई आत चढून बसली. बनूबाई अंगणातच उभी होती. हंबीररावांनी तिच्याकडं न बघता सांगितलं, "बस मागं. वाट तुलाच ठावं हाय."

चंदनबालाबाईंनी अंजनाला ठेवून घेतलं. रक्तदाब थोडा वाढलेला होता. डाव्या कुशीवर पडून राहायचं, उठायचं नाही, बाळ किती वेळा हललं ते मोजायचं. तीन आठवडे असे गेले. अंबूबाई खाटेशेजारी बसायची. बनूबाई कुपवाडला मुलाकडं राहून रोज यायची आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायची. आया तिला ओरडायच्या. एकदा अंबूबाईनं डॉक्टरीणबाईंना सरळच विचारलं, "मी मिश्री लावून चार काढली. धडधाकट. त्याचं काय म्हननं हाय तुमचं?"

"तुमची झाली, आक्का. सगळ्यांचं सारखं होत नाही."

"मग हिचं मिश्रीनंच झालं कशावरनं?"

"तेही मी म्हणत नाही. पण धोका कशाला घ्यायचा?"

 त्यानंतर मिश्री लावायला अंबूबाई बाहेर फाटकाशी जायला लागली.

सदतिसावा आठवडा लागला आणि अंजनाच्या तळहाताखाली बाळाचं हलणं कमी झालं. चंदनबालाबाई म्हणाल्या, आता आत ठेवण्यापेक्षा बाहेर बरं. बाहेर निदान आपण त्याला पाजू तरी शकतो. सलाईन लावून कळा आणल्या. दुपारी चारला मुलगी झाली. चार पौंडांची, सुरकुतलेली, पण अशी किंचाळली की फाटकाशी बसलेली अंबूबाई धावत आत आली. मुलीला कापसात गुंडाळून दिव्याखाली ठेवलं आणि दर दोन तासांनी आईचं दूध चमच्यानं पाजलं.

डॉक्टरीणबाईंनी बनूबाईला आत बोलावलं. ताटलीत वार होती. लहानच. पांढरे चट्टे होते, मागच्याहून कमी.

"मिश्री सोडली म्हनून जगली का वो?" बनूबाईनं विचारलं.

"सांगता येत नाही. वेळेवर बाहेर काढली म्हणून जगली, एवढं नक्की."

"आन् आदली दोन? ती मिश्रीनं गेली का?"

चंदनबालाबाईंनी हातमोजे काढले. "बनूबाई, मला माहीत असतं तर सांगितलं असतं."

एवढ्यावर तिचं समाधान व्हायला हवं होतं. मुलगी जगली. महिन्याभरानं ती कुंडलला आली, तीन महिन्यांची असताना लालासाहेब रजेवर आला आणि खाकी बाहीवर तिला निजवून गावभर फिरला. बारशाला अंबूबाईनं बनूबाईला बोलावणं पाठवलं; जेवायला वाढलं, बोलली मात्र नाही. अंजना बोलली. पण पहिल्यासारखं नाही, जपून. बनूबाईनं त्यापेक्षा जास्तीची आशा धरली नव्हती.

तिची घालमेल काही संपली नाही. डॉक्टरीणबाईंना माहीत नाही तर मग ते कुणाला माहीत असणार? मळमळ होते म्हटल्यावर तिनं ज्यांच्या ज्यांच्या हातावर मिश्री घातली होती, त्या बाया तिला एकेक करून आठवायला लागल्या. चुलीपुढं बसल्या बसल्या आठवायच्या, वाटेनं जाताना आठवायच्या. ज्यांची बाळं जगली त्यांचं ठीक होतं. बाकीच्यांकडं ती जायला लागली. गावातल्यांकडं आधी, मग आसपासच्या वाड्यांवर. पोटुशी कुणी घरात असेल तर तिला मिश्री सोडायला सांगायचं, सुतळी काढून पोट मोजायचं. आणि जुनं जे होतं, तेही बोलून टाकायचं. कुणी ऐकून घेतलं, कुणी हाकललं. एकीच्या नवऱ्यानं तिच्यावर काठी उगारली.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात ती रंगूबाईकडं गेली. रंगूबाई मळ्यात राहायची, साठीला आलेली. वीस वर्षांपूर्वी तिचं शेवटचं बाळंतपण बनूबाईनं केलं होतं. बाळ दोन तास जगलं होतं. रंगूबाई सावलीला शेंगा फोडत बसली होती. बनूबाई समोर बसली आणि सांगायला लागली. आता तिला ते सांगायची सवय झाली होती. रंगूबाईनं शेंगा फोडणं थांबवलं नाही. सगळं सांगून झालं तेव्हा एक शेंग तिच्या हातात तशीच राहिली.

"पोरगं व्हतं का पोरगी?" तिनं विचारलं.

बनूबाईला आधी कळलंच नाही. "तुला ठावं न्हाई?"

"मी सुदीत न्हवते. नंतर इचारलं, तर सासूबाई म्हनल्या, काय करायचंय तुला. मग कुनाला इचारायचं? तुला इचारीन म्हनत व्हते, तर तूबी वाट बदलून जायचीस."

"पोरगी व्हती, रंगे."

रंगूबाईनं शेंग खाली ठेवली. "कशी व्हती?"

बनूबाईनं डोळे मिटले. वीस वर्षं झाली होती, मध्ये किती लेकरं हातातून गेली होती. पण हे तिला आठवलं, आणि तिनं सावकाश, काही न गाळता सांगितलं: मुलगी सावळी होती, केस दाट होते, कानावर आलेले, आणि डाव्या हाताची मूठ तिनं शेवटपर्यंत उघडली नव्हती. रंगूबाई ऐकत राहिली. उन्हं अंगावर आली तरी कुणी तिथून उठलं नाही.